चौथ्या भागातली मोकळी जागा

"लवकर," कूमीबाई म्हणाल्या. "परत लवकर आला तू."

मी क्लॅरोनेट मांडीवर ठेवली. समोर बसलेल्या सेबीनं चेलोवरचा गज खाली घेतला आणि रुमालानं मान पुसली. पंखा बंद होता. खिडक्यांवर वसतिगृहातल्या गाद्या टांगलेल्या, दाराखाली ओले टॉवेल कोंबलेले. पाचगणीतसुद्धा मे महिन्यात घाम फुटतो, हे मला शाळेच्या त्या हॉलमध्ये कळलं. गाद्यांना पोरांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता आणि सकाळपासून तोच वास छातीत ओढून मी वाजवत होतो.

दार किलकिलं झालं. फणसे डोकावले. रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन ते मुंबईहून आले होते आणि शेजारच्या वर्गात पोरांच्या बाकावर मशीन मांडून बसले होते.

"पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा," कूमीबाई म्हणाल्या.

सगळी अडचण चौथ्या भागात होती. पहिले तीन भाग झाले होते आणि चांगले झाले होते. चौथ्यात पियानो, चेलो आणि माझी क्लॅरोनेट एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखी वर चढत जायची आणि एकदम तिघं थांबायचे. मग शांतता. त्यानंतर मी एकट्यानं एक अगदी खालचा सूर लावायचा, फुंकर घातल्यासारखा हलका. त्या सुरावर बाकीचे दोघं येणार होते. शांतता किती वेळ, हे बाईंनी लिहिलंच नव्हतं. ते मी ठरवायचं होतं. मी सूर लावेपर्यंत ते दोघं हात वर धरून बसणार. आणि मी प्रत्येक वेळी एका श्वासात घुसत होतो.

"किती थांबू ते सांगा की बाई," मी म्हणालो. "चार म्हणाल तर चार, दहा म्हणाल तर दहा. मोजतो."

"नाही सांगणार. तू मोजशील, आणि ऐकणाऱ्याला तुझं मोजणं ऐकू येईल."

आम्ही परत वाजवलं. परत लवकर.

चहाच्या वेळी फणशांनी मला व्हरांड्यात गाठलं. माणूस सरळ होता. मशीन उद्या दुपारी परत न्यायचंय, म्हणाले, हॉलही शाळेला परत हवाय. उद्या दुपारपर्यंत चौथा भाग झाला नाही, तर मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात एक क्लॅरोनेटवाला आहे, तो कागद बघून वाजवतो. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं आहे, त्याला घ्या आणि रेकॉर्ड तिकडं करा. पण एका रेकॉर्डवर दोन क्लॅरोनेटवाले चालत नाहीत. म्हणजे आधीचे तीन भागही नव्यानं.

"म्हणजे माझं काहीच राहणार नाही," मी म्हणालो.

"राहावं असं मला फार वाटतं, मास्तर," फणसे म्हणाले आणि कप ठेवायला आत गेले.

मला मास्तर म्हणत ते बँडमुळं. वाईला आमची बँड पार्टी. वडलांनी, म्हणजे रावजी मास्तरांनी उभी केलेली, आणि त्यांच्या मागं मी पुढं चालून क्लॅरोनेट वाजवत होतो. आदल्या वर्षी पाचगणीत एका लग्नाची सुपारी होती. वरात बाजारात आली आणि एक ट्रक वळणावर असा अडकला, की ना गाडी पुढं जाईना ना नवरदेवाचं घोडं. मी वाजवत राहिलो. सिनेमाचं गाणं संपलं, त्याचंच शेपूट धरून कुठं कुठं गेलो, परत आलो, परत गेलो. वाजवायचं थांबायचं नाही ही माझी ख्यातीच होती. लोक सुपारी द्यायला येत तेव्हा म्हणत, तो न थांबणारा निवृत्ती वायदंडे येणार असेल तर बोला.

ट्रक निघाला, वरात पुढं गेली. मांडवाच्या दाराशी एक पारशी बाई येऊन उभी राहिली. पांढरे केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्या कूमी बिलिमोरिया. शाळेत पियानो शिकवत, तरुणपणी परदेशात संगीत लिहायला शिकून आलेल्या.

"शेवटी जे वाजवलं ते कुठलं?" त्यांनी विचारलं.

"कुठलं नाही बाई. ट्रक निघेपर्यंतचं."

त्या हसल्या नाहीत. मंगळवारी बंगल्यावर ये म्हणाल्या.

मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, मग नोटेशन कुठलं येणार. बाई पियानोवर वाजवत, मी ऐकून उचलत असे. दोन महिने मला वाटत होतं, ह्यांच्या बोटाखाली चुकीच्या पट्ट्या येताहेत. सूर एकमेकांना धडकायचे, ताल पाय टाकता टाकता पाय उचलून घ्यायचा. मग एक दिवस शेळीला पाणी पाजताना दुसरा भाग आपोआप माझ्या तोंडात आला आणि कुठं अडला नाही. तेव्हा मला कळलं, हे चुकीचं नाही, हे असंच आहे. बाईंनी लिहिलेल्या भागात मधेमधे जागा सोडलेल्या होत्या. तिथं आपल्या मनानं वाजवायचं. त्यांना त्या मोकळी जागा म्हणत. सेबी कुलासो गोव्याचा. मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवून त्याचे केस पिकले होते. असल्या जागा त्याच्या घरच्याच. तो चेलो आडवा मांडीवर घेऊन बोटांनी असा छेडायचा, की बाई वाजवता वाजवता मान हलवत. मलाही त्या जागांची भीती नव्हती. मला जागा दिली की मी भरत होतो.

आमच्या बँडच्या माणसांना हे पसंत नव्हतं. ऐन लग्नसराईत मी वर पाचगणीला जाऊन बसलो म्हणून ढोलवाले म्हस्कूदादा लोंढे रागावले होते. वडलांच्या बरोबरीचे ते, त्यांना बोलायचा हक्क होता. मी त्यांना तिसरा भाग वाजवून दाखवला तर ऐकून घेऊन म्हणाले, "ह्याला ना तोंड ना बूड. वरातीत वाजवलंस तर घोडं नवऱ्याला टाकून पळंल."

तरी मी जात राहिलो. जन्मभर मी दुसऱ्याची गाणी दुसऱ्याच्या दारात वाजवली होती. हे पहिल्यांदा असं काही होतं, की मी नसलो तर ते वेगळं झालं असतं. आणि दुसरं म्हणजे बाईंची बोटं. पेरं सुजायला लागली होती. वाजवण्याआधी त्या कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसत. पुढच्या वर्षी आपल्याला हे वाजवता येणार नाही, असं त्यांनी सेबीला सांगितलं होतं. सेबीनं मला सांगितलं.

चहानंतर आम्ही परत बसलो. सेबीनं त्याची युक्ती सांगितली.

"पळय, बघ मास्तर, हॉटेलात आम्ही वाजवायचो तेव्हा साहेबलोक जेवायचे. मी एकाच्या सूपवर नजर ठेवायचो. चमचा भरला, वर उचलला, फुंकर मारली, तोंडात गेला. मग मी वाजवायचो. तू पण तसा कर."

मी डोळे मिटून तसं केलं. पण सूप मी कधी प्यालो नव्हतो. माझा चमचा फार लवकर तोंडात गेला.

मग मी क्लॅरोनेट ओठांपासून काढून गुडघ्यावर ठेवून बघितली. तर उचलताना चाव्या वाजल्या आणि फणसे दारात आले. मग जीभ दातांखाली धरली. मग पायाचा अंगठा जमिनीवर दाबून धरला. काही केल्या त्या शांततेत माझ्या पाठीवर कुणी तरी हात ठेवून ढकलल्यासारखं व्हायचं आणि सूर बाहेर पडायचा. एकदा तर मी थांबलोच नाही. बाईंनी आणि सेबीनं हात उचलले आणि मी तसाच वाजवत पुढं गेलो, माझ्या ध्यानातही आलं नाही.

कूमीबाईंनी पियानोचं झाकण लावलं. जोरात नाही, पण लावलं.

"वायदंडे, तुला मागून कोण मारतंय?"

"कोणी नाही बाई."

"मग कुठे पळतो तू? ही पण मोकळी जागाच आहे. बाकीच्या जागा तू भरून टाकल्या, मी काही बोलली नाही. ही एक तशीच ठेवायची. ती का जमत नाही तुला?"

सेबी चेलोच्या खुंट्या बघत बसला. मला उत्तर देणं भाग होतं.

मी त्यांना बँडची रीत सांगितली. वरात चालू असताना आवाज पडू द्यायचा नाही. एकानं श्वास घेतला तर दुसऱ्यानं सूर धरून ठेवायचा. कोणी पाणी प्यायला गेलं तर शेजारच्यानं त्याचं वाजवायचं. लहानपणी माझा आवाज पडला की वडील चालता चालता कोपरानं बरगडीत ढोसत. आवाज पडला की वरातीतली माणसं म्हणतात, काय झालं, काही वाईट झालं का.

"कधीच थांबत नाही?"

"एकदाच थांबतो. मयत आडवं आलं तर."

"मग काय करता?"

"सगळे थांबतात. ढोलावर हात ठेवायचा, नुसता घासला तरी वाजता कामा नये. बाजूला सरून वाट द्यायची. कुणाचं मयत आहे ते विचारायचं नाही. मोठ्याचं असो, भिकाऱ्याचं असो."

"आणि परत सुरू कोण करतं?"

"पुढं क्लॅरोनेटवाला असतो, तो. शेवटचा माणूस वळणाआड गेला, की त्यानं खालचा एक सूर हळूच द्यायचा. मग ढोल. मग सगळे."

बाईंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, हो, मीही तेच लिहिलंय. त्या तसलं काही बोलल्या नाहीत.

"माझ्या शांततेत कोणी मेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी कोणासाठी लिहिली नाही ती. तिथे काहीच नाही, म्हणून ती चांगली आहे. पण जागा तुझी आहे. तिथे कोणाला चालवायचं ते तू बघ. मला फक्त घाई नको." मग त्यांनी झाकण उघडलं, पट्ट्यांवरून रुमाल फिरवला आणि म्हणाल्या, "आज पुरे. उद्या सकाळी मुंबईवाल्याला फोन करायचा की नाही, ते तू ठरवशील."

संध्याकाळच्या एस.टी.नं मी वाईला उतरलो. घरी म्हस्कूदादा वाट बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी भुईंजची सुपारी होती. पुढं कोणी नाही, तू चल, म्हणाले. मी म्हणालो, दुपारी येतो, सकाळी वर जाऊन एक काम पुरं करायचंय. ते म्हणाले, जमलं नाही असं ऐकलंय. वाईसारख्या गावात काही लपत नाही. मी म्हणालो, उद्या जमवतो.

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर परवापासून तुमच्या पुढं चालतो, आणि पुन्हा वर जात नाही."

सकाळच्या गाडीत पसरणीचा घाट चढताना मी खिडकीशी बसलो होतो. वळण आलं की गाडी मंद व्हायची, मागचा रस्ता दिसेनासा व्हायचा. मी प्रत्येक वळण शेवटपर्यंत बघितलं. कधी बघितलं नव्हतं.

हॉलमध्ये सगळे आधीच येऊन बसले होते. बाईंनी भांड्यातून हात काढून टॉवेलात गुंडाळले. सेबीनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. फणशांनी दार लावून घेतलं आणि टॉवेल पायानं सारले.

चौथा भाग सुरू झाला. बाई खालून वर आल्या. सेबीचं चालणं सुरू झालं, एकेक पाऊल टाकत गेल्यासारखं, मग धावल्यासारखं. माझ्या मोकळ्या जागेत मी बाजारातून वाजवत चाललो. मला उन्हात तापलेला रस्ता दिसत होता, घोड्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. आम्ही तिघं वर चढलो.

आणि थांबलो.

मी बाजूला सरलो. खुर्चीवर बसूनच सरलो, पण सरलो. क्लॅरोनेट ओठांशी होती आणि ती मी विसरलो. पाठीवर तो हात आला, नेहमीसारखा. येऊ दिला. तो ढकलत राहिला, मी उभा राहिलो. कोपऱ्यावरून विस्तवाचं मडकं पुढं आलं. मग चार खांदे, पांढरं कापड, त्यावर गुलाल. डावीकडच्या पुढच्या खांद्याकडं मी नीट बघितलं. मग मागची माणसं, टोप्या हातात घेतलेली. एक लंगडत होता, तो सगळ्यांत मागं. खाली घाटात कुठं तरी एस.टी.नं गिअर बदलला, तोही मी ऐकला. लंगडणारा माणूस वळणापाशी गेला. थोडा टेकला. मग तोही वळला.

रस्ता मोकळा झाला. मी खालचा सूर दिला.

सेबी आला, मग बाई आल्या, आणि भाग संपला. कोणी उठलं नाही. फणसे आत आले आणि म्हणाले, फार सुरेख झालं, पण मधे गाडीचा आवाज आलाय, एकदा पुन्हा घेऊ.

"नाही," बाई म्हणाल्या. "मशीन बांधा."

मी क्लॅरोनेट पुसत होतो. त्या माझ्यापाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. किती वेळ थांबलो होतो ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "कळलं कसं तुला, आता?"

"वळण संपलं," मी म्हणालो.

दुपारी मी भुईंजला वाजवायला हजर होतो.

रेकॉर्ड निघायला वर्ष गेलं. फार कोणी घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांतल्या काहींनी दुकानात परत आणून दिली, दुसऱ्या बाजूला ती मधेच बंद पडते म्हणून. सेबी स्वतः माझी प्रत घेऊन वाईला आला आणि कव्हरवर बोट ठेवून म्हणाला, हे बाईचं नाव, हे माझं, हे तुझं. पुढं साठीत मी साक्षरता वर्गाला बसलो, वाचायला यायला लागलं, तेव्हा आधी ते कव्हर काढलं. तर सगळं इंग्रजीत. पण माझं नाव कुठं आहे ते बोटाला माहीत होतं.

आमच्याकडं रेकॉर्ड वाजवायचं काही नव्हतं. लाउडस्पीकरवाले इकबाल बागवान, त्यांच्या दुकानात आम्ही गेलो. बँडची सगळी माणसं आली, कौतुकापेक्षा चेष्टेला जास्त. पहिल्या बाजूला त्यांनी एकमेकांना कोपरं मारून घेतली. ट्रम्पेटवाल्यानं विचारलं, हे ताल धरायच्या आधीचं आहे का नंतरचं. म्हस्कूदादा ढोल नसताना हात कुठं ठेवावेत ते न कळून गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

त्यांच्याबद्दल आणि माझ्याबद्दल एक गोष्ट तिथं सगळ्यांना माहीत होती आणि कोणी कधी काढत नसे. माझे वडील गेले त्या दिवशी आम्ही मेणवलीहून एका बागायतदाराची वरात घेऊन वाईत शिरत होतो. ते आजारी होते, पण सुपारी घेतलीय, जा, असं त्यांनीच सांगितलं होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर मयत आडवं आलं. आम्ही थांबलो, वाट दिली. डावीकडच्या पुढच्या खांद्यावर माझा थोरला भाऊ केरबा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं तेव्हा मला कळलं, कोण चाललंय. मी जागेवर उभा राहिलो. मयत अजून वळणापर्यंत गेलं नव्हतं. नवरदेवाच्या चुलत्यानं मागून माझ्या पाठीत हात घातला, ढकललं आणि म्हणाला, "वाजवा की. बँडवाल्याच्या मयताला बँड थांबतोय होय?" मी हललो नाही. मग तो म्हस्कूदादांकडं वळला, आणि म्हस्कूदादांनी ढोलावर टिपरू टाकलं. त्यांनी टाकलं म्हणून सगळ्यांना वाजवावं लागलं. मलाही. ज्या माणसानं जन्मभर सगळ्या गावाच्या मयतांना उभं राहून वाट दिली, तो वाजतगाजत गेला. त्या दिवसानंतर मी कुठं थांबलो नाही. थांबलो की तो हात पाठीवर यायचा.

बागवानांनी बाजू उलटली. चौथा भाग आला. बाई, सेबी, मी, वर चढलो आणि थांबलो.

दुकानात काही ऐकू येईना. रेकॉर्डची बारीक घासघास तेवढी. ट्रम्पेटवाला म्हणाला, अडकली. बागवानांनी पुढं वाकून सुई उचलायला हात घातला.

म्हस्कूदादांनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "अजून वळली न्हाईत."

बागवान तसेच वाकून राहिले. ट्रम्पेटवाल्यानं टोपी काढली, का ते त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे. एकेक जण पाय आवरून भिंतीकडं सरला, मधली जागा मोकळी झाली. रेकॉर्ड फिरत होती. लांब कुठं तरी एस.टी.चा गिअर बदलला. म्हस्कूदादा कोपऱ्याकडं बघत होते, जिथं नुसते कर्णे रचून ठेवलेले होते.

मग माझा सूर आला, खालून, हलका.

तेव्हा त्यांनी बागवानांचा हात सोडला.